सहाव्या बोल्टवरची लाल रेघ

"अगं, वरून कडं घट्ट धर ना! ते गरागरा फिरतंय आणि मी इथे खाली नुसता पाना फिरवत बसलेय!"

"धरलंय! दोन्ही हातांनी धरलंय! पण हे तुटणार तर नाही ना?"

"आधी तुझी शंका तुटू दे, मग कडं तुटेल!"

छोट्या पिकअप गाडीखाली उताणी पडलेली मुलगी बारा वर्षांची होती. घरात तिला सगळे पकड म्हणत. एकदा धरलेली गोष्ट ती सोडत नसे, मग ती वस्तू असो, गणित असो की भांडण. वर हौद्यात बसली होती तिची चुलतबहीण, शंका. हिचं दर दुसरं वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं. आणि चाकाशेजारी उकिडवा बसून खालीवर सामान पुरवत होता पकडचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा वायसर. नट आणि पत्रा यांच्यामध्ये जी चपटी गोल चकती घालतात, तिला दुकानात वायसर म्हणतात. हा पठ्ठ्याही तसाच होता. बुटका, गोल, आणि कुठल्याही दोन माणसांच्या मध्ये जाऊन बसणारा!

सुट्टी लागल्यापासून तिघंही आत्याकडे होती. आत्या गाडी चालवायची, लोकांचं सामान पोचवायची. कपाटं, पोती, तेलाची पिंपं, जे मिळेल ते. गाडी जुनी आणि तिचा हौदा म्हणजे नुसता उघडा पत्रा. वळण आलं की सामान या बाजूचं त्या बाजूला घसरायचं. "नवा हौदा बसवायचा तर गाडीच विकावी लागेल," आत्या म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मग मुलांनी भंगारवाल्याच्या दुकानाचे उंबरे झिजवले. एका बंद पडलेल्या यंत्राचा जाड रबरी पट्टा मिळाला. तो कापून हौद्यात अंथरल्यावर सामान घसरायचं थांबलं. सायकलच्या फुटक्या ट्यूब चिरून त्यांचे ताणाचे पट्टे झाले. उताराखालच्या शाळेत घंटा वाजवणारे घंटेकाका सुट्टीत शाळेच्या फाटकाला रंग देत होते. त्यांनी एका मोडक्या बाकाची जाडजूड फळी देऊन टाकली. हौद्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा ठोकल्यावर ती फळी त्यांत आडवी अशी बसली की बस्स! पिंपं फळीच्या पुढे उभी करायची, पट्ट्यांनी हौद्यात बसवलेल्या लोखंडी कड्यांना बांधायची. चढ कितीही असो, मागे हलायची बिशाद नाही.

"चार पिंपं," आत्याने नियम करून टाकला. "पाचवं कोणी सोन्याचं दिलं तरी नाही."

सगळ्याचा मिळून खर्च चपलांच्या एका जोडापेक्षा कमी झाला.

आता सहावं, शेवटचं कडं बसत होतं. नट आवळून झाला की त्या घरात एक गोष्ट केलीच पाहिजे असा दंडक होता. आजोबा पंप दुरुस्त करायचे, त्यांच्यापासून चालत आलेला. नटावरून थेट पत्र्यापर्यंत एक लाल रेघ ओढायची. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ मोडलेली दिसते. "रेघ सरळ तर काम सरळ," आजोबा म्हणायचे. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी आत्या बसल्या जागेवरून विचारायची, "एक?" आणि खाली सरपटत गेलेला वायसर ओरडायचा, "सरळ!" असं शेवटच्या बोल्टपर्यंत. मग आत्या खाली उतरायची, हौद्यावर ओढलेली ताडपत्री उचलून आत एक नजर टाकायची आणि मगच किल्ली फिरवायची.

"माझी नेलपॉलिश दे इकडे," शंका म्हणाली. "अरे! बाटली रिकामी कशी? वायसर!"

वायसर फळीच्या आड लपला होता.

"मी फक्त फळीच्या मागच्या बाजूला एक मगर काढली."

"एका मगरीला अख्खी बाटली?"

"दात खूप असतात तिला! सतरा झाले. अठराव्याला संपली."

शंकाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तेवढ्यात आत्याने जेवायला हाक मारली. पकडने घाईघाईत पाना फिरवून खाली टाकला आणि बाटलीच्या तळाशी काडी खरवडून कशीबशी सहावी रेघ ओढली. मग तिघंही धावत सुटली.

चौथ्या दिवशी दुपारी शेजारची बाई धापा टाकत दारात आली.

"तुमच्या आत्याची गाडी... शाळेच्या उतारावर... पळा!"

मुलं पळाली. उतारावर तेलाचा लांबच लांब काळा ओघळ होता. वर मध्यावर गाडी उभी होती. तिच्या हौद्याचा मागचा फाळका तुटून लोंबत होता. खाली फाटकाशी एक पिंप भिंतीला टेकून थांबलं होतं. रंगाचा डबा सांडला होता. एक बूट, फक्त एक, रस्त्याच्या मधोमध नीट उभा होता, जणू कोणी आत्ताच पाय काढून ठेवला होता.

आत्या धुळीत बसली होती. तिच्या मांडीवर घंटेकाकांचं डोकं होतं. काका ओरडत नव्हते. त्यांचे ओठ नुसते हलत होते. पकडने त्यांच्या पायाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

शंकाने वायसरचे डोळे झाकले. त्या दिवशी ती एकदाही 'पण' म्हणाली नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट झाली. आत्याने ज्या तेलाच्या गोदामातून पिंपं भरली होती, त्याचे प्रमुख स्वतः पोलीस चौकीत जाऊन एक बोल्ट देऊन आले. म्हणे, रस्त्यावर सापडला! "पोरांनी गाडीला कडी ठोकली होती. त्यांतलं एक निखळलं, पट्टा सुटला, पिंप गडगडलं. पोरखेळाने माणसाचा पाय घेतला हो!"

उरलेली पिंपं गोदामाच्या माणसांनी लगेच उतरवून नेली, आणि रिकामी गाडी चौकीच्या आवारात अडकवून ठेवली. आत्याचा परवाना काढून घेतला. मोटार-निरीक्षक परवा येणार होत्या. त्यांनी दोष गाडीतल्या घरगुती कामावर ठेवला, तर परवाना कायमचा जाणार होता, आणि कदाचित आत्याही गजाआड.

आत्या खिडकीशी बसून होती. हातात गाडीची किल्ली. चहा गार झाला, त्यावर साय आली, तरी तिने कप उचलला नाही.

"नीट ऐका," ती शेवटी म्हणाली. "कोणीही विचारलं तरी सांगायचं, कडी आत्याने बसवली. तुम्ही हातसुद्धा लावला नाही."

"पण आत्या..." वायसर मध्येच बोलला.

"पण नाही नि बिण नाही."

पकड पुढे झाली. "आत्या, सहावा बोल्ट... तू जेवायला हाक मारलीस ना, तेव्हा मी घाईत होते. मी तो शेवटपर्यंत आवळला की नाही, मला आठवतच नाही गं!"

आत्याने तिला जवळ ओढलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण सांगितलं नाही. "जा. झोपा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पकडच्या डोळ्यांपुढे तो एकच नट होता. पाना फिरतोय, हाक येतेय, पाना खाली पडतोय. मध्ये काय झालं? जितकं आठवावं तितकं पुसट होत होतं. दुपारी ती ताडकन उठली.

"मला बघायचंय. माझा असेल तर माझा. पण बघायचंय."

"पण चौकीच्या आवारात आपल्याला कोण सोडणार?" शंकाने विचारलं.

"आपल्याला नाही," पकड म्हणाली. "चेंडूला!"

चौकीच्या कुंपणाबाहेर तिघं चेंडू खेळू लागली. तिसऱ्या फटक्याला चेंडू कुंपणावरून गेला आणि टप्पे खात गाडीकडे. वायसर फाटकातून आत घुसला आणि गाडीखाली दिसेनासा झाला.

"ए पोरा!" चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले म्हातारे हवालदार खुर्चीतून उठले. "काय करतोस तिथे?"

"चेंडू काढतोय! एक, सरळ! दोन, सरळ!"

"किती चेंडू आहेत रे तुझे?"

"तीन, सरळ! चार, सरळ! पाच, सरळ!"

मग आवाज थांबला. पकडने कुंपणाची तार इतकी घट्ट धरली की ती तळव्यात रुतली.

"सहा?" ती पुटपुटली. "वायसर, सहा?"

"थांब! चिखल उडालाय इथे. पुसतोय... थुंकी लावून पुसतोय..."

शंकाने पकडचा दंड धरला.

"सरळ! पकडताई, सरळ आहे! सगळ्यात बारीक रेघ आहे, पण सरळ आहे!"

पकड मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. हवालदार गोंधळून कुंपणाशी आले. "अगं, चेंडू सापडला ना? मग रडतेस कशाला?"

तिने सगळं सांगितलं. आजोबांची रेघ, नेलपॉलिश, रोज सकाळची हजेरी. हवालदारांनी गुडघ्यांवर हात ठेवून, 'आई गं' करत, गाडीखाली डोकं घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग उठून आतून एक डबी आणली. तिच्यात गोदामातून आलेला तो गंजका बोल्ट होता.

"रंग तर याच्यावर नाही," ते म्हणाले. "पण रंग निघूनही जातो, पोरी."

"पण हवालदारकाका," शंका म्हणाली, "गाडीला भोकं सहा, बोल्ट सहाच्या सहा जागेवर. मग हा सातवा आला कुठून?"

हवालदारांनी दोऱ्याची काडी कानामागे नीट केली. "तुला शाळेत काय म्हणतात गं?"

"शंका."

"बरोबर म्हणतात."

तेवढ्यात हौद्यात चढलेला वायसर ओरडला, "माझी मगर कुठाय?"

हौद्यात रबरी पट्टा होता, कडी होती, खाचाही होत्या. फळी नव्हती.

"फळी? आम्हाला गाडीत फळीबिळी मिळाली नाही," हवालदार म्हणाले. "रस्त्यावरही नव्हती."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. फळी असती तर पिंप मागे आलंच नसतं! आणि फळी उडून जायला ती काही चिमणी नव्हती. सकाळी गाडी घरून निघाली तेव्हा ती होती. मग मध्ये गाडी कुठे थांबली? फक्त गोदामात!

गोदामाचं दार उंच होतं. हमाल आतून हातगाडी भरून आणत होता, आणि उंबऱ्यावरून हातगाडी सहज उतरावी म्हणून तिथे एक जाड फळी तिरकी टाकली होती. चाकांखाली ती धप्प धप्प वाजत होती. मुलं समोरच्या भिंतीआडून बघत होती.

"ती आप..." वायसरने तोंड उघडलं. पकडने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"लपवलीसुद्धा नाही!" शंका कुजबुजली. "उचलून आणावी का?"

"अजिबात नाही," पकड म्हणाली. "आपण उचलली तर म्हणतील, पोरांनी कुठूनतरी आणली. तिथेच राहू दे. उद्या त्यांच्याच तोंडून वदवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार-निरीक्षक बाईंनी गाडी तपासली, आणि मुलांनी सांगितल्यावरून हवालदारांनी त्यांना तिथून गोदामात नेलं. बाई उंच होत्या, हातात टॉर्च, बोलणं मोजकं. आत्यालाही बोलावलं होतं. मुलं पाठोपाठ आली.

"या, या! चहा सांगू?" गोदामप्रमुख लगबगीने पुढे आले. मग मुलांकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "यांना कशाला आणलंत? यांच्याच खेळाने तर सगळा घात झाला."

पकडने शंकाला कोपराने ढोसलं. शंका अगदी गरीब गायीसारखं तोंड करून पुढे झाली.

"काका, ही दारातली फळी काय मजबूत आहे हो! पण कुठे मिळते अशी?"

"मिळायची कुठे? गोदामाचीच आहे ती. पाच वर्षं झाली."

"पण नक्की?"

"नक्की म्हणजे? अगं, रोज हिच्यावरून ये-जा करतो मी! माझ्या घरच्या उंबऱ्यासारखी ओळखतो!"

"मग तिच्या खालच्या बाजूला काय आहे?"

"खालच्या बाजूला?" गोदामप्रमुखांनी फळीकडे बघितलं. "काय असणार? लाकूड!"

"मगर आहे!" वायसरला राहवेना. "लाल मगर! सतरा दातांची! अठरावा काढताना बाटली संपली!"

निरीक्षक बाईंनी मान हलवली. हवालदारांनी वाकून फळी उलटी केली. चिखल होता, तेलाचे डाग होते. बाईंनी रुमालाने पुसलं. आणि मगर वर आली, शेपटी वाकडी, डोळा कपाळावर!

हवालदार बोट ठेवून एकेक दात मोजू लागले.

"सतरा," ते म्हणाले. "आणि एक अर्धा."

"अर्धा धरायचा नाही!" वायसर म्हणाला.

कोणीच हसलं नाही. हातगाडीला टेकून उभा असलेला हमाल सावकाश पुढे आला.

"बाई, फळी मीच काढली. साहेब म्हणाले, चार कशाला, फळी काढून त्या जागी पाचवं आडवं टाक, दुसरी खेप वाचेल. मी म्हटलं, आडव्या पिंपाला बांधायला पट्टा उरला नाही. तर म्हणाले, वरून ताडपत्री ओढ, काही दिसत नाही." त्याने मान खाली घातली. "मी ओढली."

"पण पाच पिंपांच्या पावतीवर हिची सही आहे!" गोदामप्रमुख ओरडले. "विचारा हिला!"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या पुढे आली.

"आहे. न वाचता केलेली आहे. हे साहेब मला आत बसवून घाई करत होते. रोज मी निघण्याआधी ताडपत्री उचलून बघते. त्या दिवशी नाही बघितलं. मुलांच्या कड्यांना दोष लागला तेव्हा मला वाटलं, खरंच एखादं सुटलं असेल. म्हणून ती मीच बसवली असं सांगितलं. पण ताडपत्री न उचलण्याची चूक माझी, आणि ती कोणाच्या माथी मारता येत नाही."

त्या संध्याकाळी आत्या काय सांगता सांगता थांबली होती, ते पकडला आता कळलं. तिने पुढे होऊन आत्याचा हात धरला. पकड ती! मग सोडलाच नाही.

"मग कडी कोणी बसवली?" बाईंनी विचारलं.

"मी," पकड म्हणाली. "शंकाने वरून धरली, वायसरने सामान पुरवलं."

"अठ्ठावीस वर्षं गाड्या तपासतेय मी," बाई म्हणाल्या. "इतकं चोख काम मोठ्या कारखान्यातल्या माणसांच्या हातूनही क्वचित बघते. तुम्ही लावलेली एकही वस्तू हलली नव्हती. काढून टाकली तेवढीच नडली." त्यांनी वहीत लिहिलं आणि हवालदारांकडे वळल्या. "हे साहेब आता तुमच्याबरोबर चौकीत येतील. आणि तो सातवा बोल्ट कुठून आला, तेही सांगतील."

आत्याचा परवाना एका महिन्यासाठी रोखला गेला. तिने तक्रार केली नाही.

घंटेकाकांचा पाय मात्र परत आला नाही. गुडघ्याखालून कापावा लागला. रहस्य उलगडलं म्हणून कापलेला पाय काही उगवत नाही, हे त्या सुट्टीत तिघांनाही कळलं, आणि कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी काकांना दवाखान्यातून घरी सोडणार होते. आत्याचा परवाना आदल्याच दिवशी मिळाला होता. फळी पुन्हा खाचांत बसली होती. काका पुढे आत्याशेजारी बसले आणि त्यांची चाकांची खुर्ची मुलांनी हौद्यात फळीच्या पुढे ठेवून चार पट्ट्यांनी बांधली.

"फळी मी दिली होती," काका खिडकीतून म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही ती शोधून काढलीत, पोरांनो. नाहीतर सगळं गाव म्हणत राहिलं असतं की पोरखेळाने माझा पाय गेला, आणि मीही तेच मानलं असतं. हातात कला आहे तुमच्या. सोडू नका."

वायसर म्हणाला, "काका, शाळा सुरू झाल्यावर घंटा कोण वाजवणार?"

"घंटा हाताने वाजवतात, बाळा," काका म्हणाले. "पायाने नाही."

आत्याने खिडकीबाहेर डोकं काढलं. "एक?"

आज पकड स्वतः गाडीखाली सरपटत गेली होती. "सरळ!"

"दोन?"

"सरळ!"

सहाव्या रेघेशी ती थांबली. बारीक होती, फिकी होती. तिने तिच्यावरून बोट फिरवलं.

"सरळ," ती म्हणाली.

मागे एका खुर्चीशिवाय काहीच नव्हतं, आणि ती बांधताना आत्याने डोळ्यांनी बघितली होती. तरीही आत्या खाली उतरली. गाडीला वळसा घालून मागे आली. ताडपत्रीचा कोपरा उचलला, वाकून आत बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. मग जाऊन बसली आणि तिने किल्ली फिरवली.